कॅमेऱ्याचे डोळे दिपतात तेव्हा: फुटेजमधलं पांढरंफटक आवरायचं कसं

सुरक्षा कॅमेऱ्यांच्या तक्रारींत मला सगळ्यांत जास्त वेळा भेटलेली तक्रार अंधाराची नाही, उजेडाची आहे. चित्राचा नेमका हवा तोच भाग पांढरा पडतो. कारणं मात्र दर वेळी निराळी निघतात, म्हणून आधी तुमच्या पडद्यावर यांतलं काय दिसतं ते ओळखा.

लक्षणं

- दिवसा दारातून आत येणारा माणूस नुसती काळी आकृती दिसतो आणि त्याच्या पाठीमागचं अंगण किंवा रस्ता पांढराफटक.
- रोज ठरावीक वेळी, सकाळी किंवा संध्याकाळी अर्धा-पाऊण तास, सगळ्या चित्रावर दुधाळ पडदा चढतो. एरवी चित्र स्वच्छ.
- रात्री लांबचा माणूस बरा दिसतो, पण तोच जवळ आला की चेहऱ्याच्या जागी पांढरा गोळा.
- रात्री चित्रभर धुकं. एका कडेला भिंत किंवा छज्जा चकाकतो आणि बाकी सगळं काळोखात.
- गाडी वळली की दिव्यांच्या झोतात काहीच कळत नाही. नंबर प्लेट कोरी पाटी दिसते.
- रात्री चित्र सारखं रंगीत, कृष्णधवल, पुन्हा रंगीत असं बदलत राहतं.
- दिवसा रंग गुलाबी-जांभळे, झाडाची पानं फिकट पांढरट.
- दिवसभर सगळंच चित्र पांढरं, चुना फासल्यासारखं.

पांढरं का पडतं

कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपवर, लाखो बारीक ठिपके असतात. प्रत्येक ठिपका म्हणजे धान्याचं माप समजा. ठरलेल्या वेळापुरता त्यात उजेड पडतो आणि मग किती भरलं ते मोजलं जातं. माप शिगोशीग भरल्यावर वरून आणखी मूठभर ओतलं काय किंवा पोतंभर ओतलं काय, मोजणाऱ्याला दोन्ही वेळा ‘भरलं’ एवढंच कळतं. नेहमीच्या ८ बिट चित्रात प्रत्येक ठिपक्याला ० ते २५५ यांतला आकडा मिळतो. जिथे सगळे आकडे २५५ ला जाऊन चिकटले, तिथे चेहरा होता की भिंत होती याची नोंदच झालेली नाही. ती नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत आणता येत नाही. फुटेज हातात घेऊन ‘जरा साफ करून द्या’ म्हणणाऱ्या माणसांना हे सांगताना फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा घटना घडून गेलेली असते. त्यामुळे जे काही करायचं ते आधी, कॅमेऱ्यापाशीच करायला हवं.

आता आकडे. भर उन्हात जमिनीवर साधारण १,००,००० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड पडतो. दिवा लावलेल्या खोलीत २०० ते ५०० लक्स. म्हणजे दार उघडं असलं की एकाच चौकटीत दोनशे ते पाचशे पट फरक झाला. त्यात बाहेर पांढरी भिंत आणि आत गडद कपडे घातलेला माणूस असेल तर फरक सहज १०,००० पटींच्या घरात जातो. डेसिबलच्या हिशेबात दर २० डेसिबलला १० पट धरतात, म्हणजे हे झाले ८० डेसिबल. साधा सेन्सर एका वेळी ६० ते ७० डेसिबल पेलतो, म्हणजे हजार ते तीन हजार पट. उरलेलं कुठेतरी सांडणारच: एक तर बाहेरचं पांढरं पडेल, नाहीतर आतलं काळं.

म्हणून कॅमेऱ्याला हात लावण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: या कॅमेऱ्यातून मला नक्की काय ओळखायचं आहे? आत येणाऱ्याचा चेहरा, की बाहेर उभी असलेली गाडी, की गाडीचा नंबर? एकाच कॅमेऱ्याकडून तिन्ही मागणाऱ्यांच्या हाती बहुतेक वेळा तिन्ही अर्धवट लागतात. चेहरा हवा असेल तर मागचं आकाश पांढरं पडलं तरी चालेल, हे एकदा मान्य केलं की पुढचं काम निम्मं सोपं होतं.

१. आधी पडदा तपासा

याला पैसा लागत नाही आणि पाच मिनिटं पुरतात. रेकॉर्डरला जोडलेल्या टीव्हीवर पांढरं दिसणारं चित्र फोनवर पाहा, मग लॅपटॉपवर पाहा. दुसऱ्या पडद्यावर त्याच भागात भिंतीचा पोत किंवा कपड्याच्या चुण्या दिसल्या तर कॅमेरा निर्दोष आहे. टीव्हीचा ‘व्हिव्हिड’ मोड किंवा चढवलेला कॉन्ट्रास्ट उजळ भाग गिळून टाकतो. आणखी एक बारीक कारण असतं. काही व्हिडिओंत काळं-पांढरं १६ ते २३५ या आकड्यांत बसवलेलं असतं आणि काहींत ० ते २५५ मध्ये. कॅमेरा पूर्ण पल्ल्यात पाठवतो आणि टीव्हीने ते आखूड पल्ल्याचं मानलं, तर २३५ च्या वरचं सगळं सपाट पांढरं दिसतं. टीव्हीच्या किंवा रेकॉर्डरच्या एचडीएमआय सेटिंगमध्ये हा पल्ला बदलता येतो.

खात्री करायची असेल तर कॅमेऱ्यातून एक स्थिर चित्र काढा, फोटो एडिटरमध्ये उघडा आणि ब्राइटनेस खूप खाली आणा. पांढऱ्या भागात काही उमटलं तर माहिती शिल्लक आहे. नुसता सपाट राखाडी रंग आला तर माप भरून सांडलं आहे, पुढे चला.

२. काच पुसा

हे सुचवल्यावर लोकांना वाटतं आपली बोळवण होते आहे. तसं अजिबात नाही. दुधाळ पडदा, धुकं आणि दिव्याभोवतीची वलयं या तिन्ही लक्षणांत मी पहिल्यांदा काचेवर हात फिरवतो. धूळ, पावसाच्या थेंबांचे सुकलेले डाग किंवा बोटांचे ठसे असले की उन्हाची तिरीप आडवी येऊन काचेवर पसरते आणि तो उजेड चित्रभर सांडतो. सावलीत तीच काच स्वच्छ वाटते, म्हणून तक्रार ठरावीक वेळीच येते.

रात्री कोळ्याचं जाळं हे फार मोठं कारण असतं. आयआर (अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाच्या) दिव्यांच्या अगदी समोरचा एक धागा दोरखंडासारखा पांढरा दिसतो, आणि त्याच्या चकाकीने कॅमेरा बाकी चित्राचा उजेड कमी करून टाकतो.

पुसण्याची रीत: आधी फुंकून किंवा मऊ ब्रशने धूळ उडवा, मग ओलसर मायक्रोफायबर कापडाने हलक्या हाताने पुसा. कोरड्या फडक्याने घासलं तर डोमच्या (घुमटासारख्या आवरणाच्या) प्लास्टिकवर ओरखडे उठतात आणि ते कायमचे चकाकत राहतात. डोमचं आवरण बहुधा पॉलिकार्बोनेटचं असतं, त्यावर अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रव्य वापरू नका. कॅमेरा नवा असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. पेटीतून येताना डोमवर पातळ संरक्षक पापुद्रा असतो. तो तसाच राहिलेले कॅमेरे मी अनेकदा पाहिले आहेत. ओरखडे खोल असतील किंवा डोम पिवळा पडला असेल, तर नुसतं आवरण बदलून मिळतं, अख्खा कॅमेरा बदलू नका.

३. मान थोडी खाली वळवा

सेटिंग्ज उघडायच्या आधी कोन का, असं कुणीही विचारेल. कारण साधं आहे. कोन बदलला की उजेडाचं सगळं गणित बदलतं, आणि आधी बसवलेल्या सेटिंग्ज पुन्हा बसवाव्या लागतात.

दिवसाच्या चित्रात सगळ्यांत उजळ भाग आकाशाचा असतो, आणि आकाशावर कुणाचा चेहरा नसतो. कॅमेरा थोडा खाली झुकवून आकाश चौकटीबाहेर काढलं, तर कॅमेऱ्याला मापच निराळं घ्यावं लागतं आणि उरलेलं चित्र आपोआप उजळतं. दुसरं, बुलेट (लांबट नळीच्या आकाराच्या) कॅमेऱ्याच्या डोक्यावरची टोपी बऱ्याच मॉडेलांत पुढे सरकते. ती पुढे घ्या, पण चौकटीत येईल इतकी नको, कारण मग रात्री तीच आयआरमध्ये चकाकते.

रोज ठरावीक वेळी येणारा पांढरा पडदा म्हणजे सूर्य थेट समोर येतो आहे. इथे एक गोष्ट बसवणारेही विसरतात. जूनमध्ये सूर्य पूर्वेच्या उत्तरेला सरकून उगवतो आणि डिसेंबरमध्ये दक्षिणेला. उन्हाळ्यात बसवलेला आणि छान चाललेला कॅमेरा थंडीत अचानक ‘बिघडतो’ तो बहुधा यामुळे. बिघडलेलं काही नसतं, दक्षिणायनात सूर्य त्याच्या चौकटीत आलेला असतो. तेव्हा आजचा सूर्य टाळून कोन लावू नका, उगवती-मावळतीचा पूर्ण पट्टा डोळ्यांपुढे ठेवा.

शक्य असेल तर उजेड कॅमेऱ्याच्या पाठीशी ठेवा. खोलीच्या आतून दाराकडे बघणारा कॅमेरा दाराच्या बाजूच्या भिंतीवर आणला, तर येणाऱ्याचा चेहरा बाजूने उजळलेला मिळतो. एवढ्या एका बदलाने सुटलेली प्रकरणं माझ्या आठवणीत सगळ्यांत जास्त आहेत.

कोन बदलताना दुसऱ्याच्या घराची खिडकी चौकटीत येत नाही ना, तेवढं पाहा.

४. रात्रीचं पांढरं: बहुतेक वेळा स्वतःच्याच दिव्याचं

रात्री कॅमेरा आपल्या आयआर एलईडींच्या उजेडात पाहतो. आपल्याला तो दिसत नाही. ८५० नॅनोमीटरच्या एलईडी अंधारात मंद लालसर जाणवतात, ९४० च्या तर तेवढ्याही नाहीत. त्यामुळे समोरची भिंत त्या उजेडात किती भगभगते आहे याचा माणसाला पत्ताच नसतो.

पहिली परीक्षा: सेटिंगमध्ये जाऊन आयआर बंद करा आणि चित्र पाहा. धुकं नाहीसं होऊन चित्र अंधारं पण स्वच्छ झालं, तर दोष परावर्तनाचा. मग पुढच्या जागा शोधा.

चौकटीच्या कडेला अगदी जवळ भिंत, छज्जा, पाइप, झाडाची फांदी किंवा कॅमेऱ्याचीच वायर आहे का? अंतर दुप्पट झालं की पडणारा उजेड चौपटीने घटतो. उलट बाजूने पाहिलं तर अर्ध्या मीटरवरच्या भिंतीवर पाच मीटरवरच्या माणसाच्या १०० पट उजेड पडतो. कॅमेरा त्या भिंतीकडे पाहून स्वतःला सावरतो आणि माणूस अंधारात जातो. कॅमेरा थोडा फिरवा किंवा पुढे आणून बसवा.

डोम कॅमेरा असेल तर लेन्सभोवतीची रबराची किंवा फोमची कडी पाहा. एलईडीचा उजेड आतल्या आत डोमवर आदळून लेन्समध्ये जाऊ नये म्हणून ती असते आणि ती डोमला आतून नीट टेकलेली लागते. कोन बदलताना ती सरकते, आणि लगेच त्या रात्रीपासून धुकं सुरू होतं. ‘काल कुणीतरी येऊन कॅमेरा हलवून गेलं’ असं ऐकलं की मी थेट ही कडी बघतो.

कॅमेरा खिडकीच्या काचेआडून बाहेर बघत असेल तर आयआर बंदच ठेवावा लागतो. काच त्यातला काही उजेड थेट लेन्सकडे परत फेकते, आणि यावर कुठलीही सेटिंग चालत नाही. बाहेर वेगळा दिवा लावा किंवा कॅमेरा बाहेर न्या.

जवळ आलेल्या माणसाचा चेहरा पांढरा गोळा होतो, त्यावर ‘स्मार्ट आयआर’ नावाची सोय असते. समोर वस्तू जवळ आली की ती दिव्यांचा जोर कमी करते. ती चालू करा. नसेल तर आयआरचा जोर हाताने कमी करून पाहा. लहान जागेत पूर्ण जोराची कधीच गरज नसते.

रंगीत-कृष्णधवल हेलकाव्यांचं कारणही इथेच सापडतं. अंधार झाला, आयआर लागला, तो जवळच्या भिंतीवरून परतला, कॅमेऱ्याला वाटलं उजाडलं, त्याने आयआर बंद केला, पुन्हा अंधार. भिंत हटवता येत नसेल तर दिवस-रात्र बदलाची संवेदनशीलता कमी करा, बदलापूर्वीचा विलंब वाढवा, किंवा ठरलेल्या वेळी बदल होईल असं वेळापत्रक लावा.

५. सेटिंग्ज: एका वेळी एकच

सुरू करण्यापूर्वी सध्याच्या सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा. मग एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ज्या वेळी त्रास होतो त्याच वेळी तपासा. दुपारी दोनला बसवलेली सेटिंग संध्याकाळी सहाच्या त्रासावर काय करेल ते दुपारी दोनला कळत नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांत दिवस आणि रात्र यांची वेगळी प्रोफाइल असते. नेमकी कुठली बदलता आहात ते पाहून घ्या.

ब्राइटनेसच्या पट्टीपासून दूर राहा. लोक पहिल्यांदा तीच खाली ओढतात. बहुतेक वेळा तिने जळालेलं पांढरं फक्त राखाडी होतं, त्यात हरवलेलं काही परत येत नाही, आणि सावलीतलं उरलंसुरलंही बुडतं.

दिवसभर सगळंच पांढरं असेल तर शटर पाहा. शटर म्हणजे माप किती वेळ उजेडाखाली धरायचं तो वेळ. कुणीतरी रात्रीच्या अंधारासाठी तो हाताने १/२५ सेकंदावर नेऊन ठेवला असेल तर भर उन्हात सगळं शिगेला जाणारच. एक्स्पोजर ‘ऑटो’ वर आणा. याहून लपलेलं कारण म्हणजे अँटी-फ्लिकर. ५० हर्ट्झ विजेवरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. त्यांच्या पट्ट्या चित्रात दिसू नयेत म्हणून ‘इनडोअर’ किंवा ५० हर्ट्झचा मोड शटरला १/५० किंवा १/१०० च्या पुढे जाऊ देत नाही. खोलीत हे योग्यच आहे. बाहेर उन्हात मात्र कॅमेऱ्याला १/२००० किंवा त्याहून जलद शटर हवं असतं आणि ते त्याला मिळत नाही. बाहेरच्या कॅमेऱ्यावर ‘आउटडोअर’ मोड निवडा. हा एक बदल करून मी पांढरेफटक कॅमेरे मिनिटभरात पूर्ववत झालेले पाहिले आहेत, तेही नवा कॅमेरा घ्यायचं ठरल्यानंतर.

आता ती तीन नावं, ज्यांत सगळ्यांचा गोंधळ होतो.

बीएलसी म्हणजे मागून येणाऱ्या उजेडाची भरपाई. तुम्ही चित्रातला एक चौकोन दाखवता आणि कॅमेरा फक्त तिथलं माप बरोबर बसवतो. काळा चेहरा उजळतो, मागचं अंगण मात्र पूर्ण पांढरं होतं. चेहराच हवा असेल तर हा सरळ आणि प्रामाणिक सौदा आहे. चौकोन चेहऱ्यांच्या उंचीवर ठेवा, दारापाशी, जमिनीवर नको.

एचएलसी उलट बाजूने काम करतं. चित्रातले अतिउजळ ठिपके शोधून ते दाबतं, आणि कॅमेऱ्याने उजेड मोजताना त्यांना धरू नये अशी व्यवस्था करतं. काही कॅमेरे तो भाग सरळ राखाडी किंवा काळा करून टाकतात. रात्री गाड्यांच्या दिव्यांसाठी हे बरं. दिवसा चालू ठेवलं तर चित्र विनाकारण काळवंडतं, म्हणून फक्त रात्रीच्या प्रोफाइलमध्ये ठेवा.

डब्ल्यूडीआर ही यांतली सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत गैरवापर होणारी सोय. खरा डब्ल्यूडीआर एका चित्रासाठी दोन किंवा अधिक उघडिपी (एक्स्पोजर, म्हणजे वेगवेगळ्या वेळाची मापं) घेतो. एक जास्त वेळाची, जिच्यात सावली भरते, आणि एक अगदी थोड्या वेळाची, जिच्यात ऊन सांडत नाही. मग दोन्हींतलं चांगलं जोडतो. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकावर १२० डेसिबल असा आकडा असेल तर तो या प्रकारचा. हिशेबाने ती दहा लाख पट होते. प्रत्यक्षात रोजच्या वापरात तेवढं मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, पण दाराच्या ८० डेसिबलला तो पुरतो. ‘डिजिटल डब्ल्यूडीआर’ किंवा डीडब्ल्यूडीआर ही वेगळी गोष्ट आहे. त्यात उघडीप एकच असते, सॉफ्टवेअर नंतर सावल्या उचलतं. सांडलेलं पांढरं तो परत आणू शकत नाही आणि सावलीतले दाणे (चित्रातली खरखर) वाढवतो.

खऱ्या डब्ल्यूडीआरचीही किंमत मोजावी लागते. दोन उघडिपींच्या मधे माणूस हलला की कडांना दुहेरी सावली येते. थोड्या वेळाच्या उघडिपीमुळे दिव्यांच्या पट्ट्या दिसू शकतात. काही मॉडेलांत फ्रेमचा वेग निम्मा होतो. रात्री तर चित्र आणखी दाणेदार होतं. म्हणून दिवसा चालू, रात्री बंद, असं मी सहसा ठेवतो, आणि पातळी ५० पासून सुरू करून चेहरा ओळखू येईपर्यंतच चढवतो. शंभरावर नेलं की चित्र सपाट आणि फिकट होतं. डब्ल्यूडीआर लावल्यावर बीएलसी, एचएलसी किंवा हाताने लावायचं शटर राखाडी पडून बंद झालं तर घाबरू नका, बऱ्याच कॅमेऱ्यांत या सोयी एकत्र चालत नाहीत.

नंबर प्लेटचं दुखणं वेगळं आहे. परावर्तक प्लेटवर पडलेला उजेड जिथून आला तिथेच परत जातो, आणि आयआर दिवे लेन्सला चिकटूनच असतात. त्यामुळे प्लेट आरशासारखी पांढरी होते. शटर हाताने १/५०० ते १/१००० वर न्या आणि गेनची (सिग्नल वाढवून चित्र उजळवणाऱ्या सोयीची) वरची मर्यादा खाली आणा. बाकी चित्र जवळजवळ काळं होईल आणि नंबर उमटेल. म्हणूनच नंबरसाठी वेगळा कॅमेरा ठेवावा लागतो. चेहरे आणि नंबर एकाच रात्रीच्या सेटिंगमध्ये मिळत नाहीत, आणि तसं मिळेल असं कुणी सांगितलं तर ते आधी रात्री प्रत्यक्ष दाखवायला सांगा.

६. उजेडच बदला

इथून थोडा खर्च सुरू होतो. दारापाशी आतल्या बाजूला उजेड २०० वरून ८०० लक्सवर नेला तर फरक चौपटीने घटतो, म्हणजे १२ डेसिबल कमी. साध्या कॅमेऱ्याला तेवढं बऱ्याचदा पुरतं. काचेच्या दाराला पातळ पडदा किंवा ऊन गाळणारी फिल्म लावली तरी तोच परिणाम, फक्त दुसऱ्या टोकाकडून. रात्री चौकटीत उघडा बल्ब असेल तर त्याला वरून टोपी घाला किंवा तो कॅमेऱ्याच्या मागे न्या. चकचकीत फरशीवर पडणारा कवडसा एखाद्या चटईने झाकला जातो.

कॅमेऱ्यातले आयआर बंद करून वेगळा आयआर दिवा दीड-दोन मीटर बाजूला लावला, तर जाळी, कीटक आणि नंबर प्लेटची चकाकी हे तिन्ही त्रास एकदम कमी होतात, कारण परतणारा उजेड आता लेन्सकडे येत नाही.

७. यंत्रातला दोष

वरचं सगळं झालं आणि तरीही त्रास आहे, तरच इथे या.

गुलाबी-जांभळे रंग म्हणजे आयआर कट फिल्टर अडकला आहे. दिवसा तो सेन्सरपुढे येऊन अवरक्त उजेड अडवतो, रात्री बाजूला होतो. तो बाजूलाच राहिला तर उन्हातलं अवरक्त आत शिरतं. हिरवी पानं अवरक्त भरपूर परत फेकतात, म्हणून ती पांढरट दिसतात. सेटिंगमधून दिवस-रात्र चार-पाच वेळा बदलून पाहा. प्रत्येक वेळी कॅमेऱ्यातून बारीक ‘टक्’ आवाज यायला हवा. कधी कधी एवढ्याने तो सुटतो. रात्री आयआर लागताच कॅमेरा बंद-चालू होत असेल तर वीज कमी पडते आहे. ॲडॉप्टर किंवा लांबलचक पातळ वायर हे त्याचं मूळ.

लेन्सला ऑटो आयरिस (उजेडाप्रमाणे आपोआप लहान-मोठं होणारं भोक) असेल तर तिची वायर निसटल्यावर ती पूर्ण उघडी राहू शकते. सेटिंगमध्ये आयरिस चुकून ‘मॅन्युअल’ वर असली तरी तेच होतं.

जुन्या ॲनालॉग प्रणालीत कोॲक्सियल केबलच्या टोकाला ७५ ओहमचं टर्मिनेशन (सिग्नल शोषून घेणारा रोध) लागतं. ते नसलं तर सिग्नल दुप्पट चढतो आणि चित्र भगभगीत होतं. केबल एका यंत्रातून दुसऱ्यात नेली असेल तिथे हे तपासा.

शेवटची परीक्षा: लेन्स काळ्या कापडाने पूर्ण झाका आणि आयआर बंद करा. पांढरा ठिपका किंवा रेघ तरीही तिथेच राहिली तर सेन्सर दुखावला आहे. लेझरच्या किरणाने हे होतं, म्हणून कॅमेऱ्याकडे लेझर रोखू देऊ नका. ठिपका गेला तर दोष काचेचा किंवा उजेडाचा, पुन्हा क्रमांक दोनपासून बघा.

इथे थांबा आणि तंत्रज्ञाला बोलवा

कॅमेरा शिडीशिवाय हाती येत नाही आणि शिडी धरायला दुसरं माणूस नाही, तर चढू नका. घरातल्या मुख्य विजेच्या तारा त्याच पेटीत असतील तर ती पेटी उघडू नका. डोमच्या आत पाण्याचे थेंब दिसले तर तो घरी उघडून वाळवू नका. सील एकदा तुटलं की पुढच्या पावसात पाणी पुन्हा शिरतं, आणि वॉरंटीही जाते. अडकलेला फिल्टर, दुखावलेला सेन्सर आणि आयरिसची मोटर ही घरी दुरुस्त करायची कामं नाहीत.

आणि घटना घडून गेली असेल तर कॅमेऱ्याच्या किंवा रेकॉर्डरच्या कुठल्याच सेटिंगला हात लावू नका. बहुतेक रेकॉर्डर डिस्क भरली की जुन्यावर नवं लिहितात. म्हणून सर्वांत आधी त्या वेळेचं मूळ फुटेज जसंच्या तसं पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. पडद्याचं फोनवर केलेलं चित्रण त्याची जागा घेऊ शकत नाही. सेटिंग्ज त्यानंतर.

तंत्रज्ञाला बोलावताना त्रासाच्या वेळेची दोन-तीन स्थिर चित्रं, सेटिंग्जचे आधी काढलेले फोटो आणि कुठकुठल्या पायऱ्या करून झाल्या ते लिहून द्या. त्याने त्रासाच्या वेळीच यावं असा आग्रह धरा. संध्याकाळचा दोष सकाळी अकराला कुणालाच दिसत नाही. त्याने थेट ‘कॅमेरा बदला’ म्हटलं तर खरा डब्ल्यूडीआर आहे का आणि दिवस-रात्रीची वेगळी प्रोफाइल आहे का, हे दोन प्रश्न विचारा. नवा कॅमेरा त्याच जागी लावून एक दिवस आणि एक रात्र चालवून दाखवायला सांगा.

दुरुस्ती झाली की घरच्याच कुणाला तरी त्या ठरावीक वेळी दारातून नेहमीच्या चालीने आत यायला सांगा, एकदा दिवसा आणि एकदा रात्री. लाइव्ह चित्र पाहू नका, रेकॉर्डिंग उघडा, थांबवा आणि चेहरा ओळखू येतो का ते बघा. सहा महिन्यांनी, सूर्य दुसऱ्या बाजूला गेल्यावर, हीच चाचणी पुन्हा घ्या.